मदत हवी आहे : पिस्तुलाची लाकडी ग्रिप उकलली

नेमधारी
सोलापूर. एअर पिस्तुलाची ग्रिप बाभळीची कोरली, अंगठ्याच्या बाजूला चीर गेली. दुसरी करायचीय, स्पर्धा तोंडावर आहे. कोणतं लाकूड घेऊ? लवकर सांगा.

रंधा
लाकूड ओलं की वाळलेलं? पिस्तूल कोणतं? फोटो टाका.

नेमधारी
शेतातलंच झाड, यंदा पाडलेलं. बाभळीची तर बैलगाडीची चाकं होतात, मग ग्रिप का टिकू नये?

रंधा
चाकाचं लाकूडही वाळवूनच घेतात. ओल्या ओंडक्याच्या टोकांतून पाणी झपाट्यानं निघतं, आत ओल राहते आणि मग चीर जाते. त्यात आपलं चाळिशीपारचं ऊन. टोकांना मेण लावून सावलीत ठेवायचं, इंचभर जाडीला साधारण वर्ष. तेवढा वेळ नसेल तर जुन्या शिसवी पलंगाचा खूर मिळवा.

माळकरी
लाकूड कशाला? सांबरशिंग घ्या. आमच्या आजोबांच्या सुरीला होतं, घामेजल्या हातातूनही निसटायचं नाही.

हिरवळ
हे अजिबात करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. गळून पडलेलं सांबरशिंगसुद्धा विकत घेणं गुन्हा आहे. हस्तिदंताचंही तेच. शिंगच हवं तर म्हशीचं घ्या.

माळकरी
रानात नुसतं पडून राहतं, उचललं तर काय बिघडलं?

हिरवळ
पडून राहत नाही. साळिंदर ते कुरतडतं, त्याला त्यातून क्षार मिळतात.

पेठकर
एअर पिस्तुलाला लायसन्स लागतं का? मुलाला घ्यायचंय.

दहा मीटर
पेठकर, त्यासाठी वेगळा धागा काढा. नेमधारी, स्पर्धेचे नियम पाहिलेत का? तळहाताच्या टेकूचा (ग्रिपच्या खालच्या बाजूला हात टेकतो त्या भागाचा) ग्रिपशी कोन ९० अंशांहून कमी चालत नाही, मनगट मोकळं लागतं, आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. तयार ग्रिपच का नाही घेत?

नेमधारी
मी डावखुरा आहे. पिस्तूल जुनं घेतलंय, ग्रिप उजव्या हाताची आहे.

दहा मीटर
अहो, हे आधी सांगायचं! मग जुन्या ग्रिपवरून माप घेऊ नका. नेम धरायच्या पवित्र्यात उभं राहून शाडूच्या गोळ्यावर मूठ आवळा, तो आकार लाकडात उतरवा. कोरताना जास्त गेलं तर लाकडाची पुटी भरता येते.

रंधा
वरून जवसाचं तेल द्या. पातळ हात, मध्ये वाळू देऊन. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

नेमधारी
आत्याकडे शिसवी पलंग आहे, विचारतो. स्क्रूची भोकं आकार द्यायच्या आधी पाडू की नंतर?

रंधा
आधी. ठोकळा चौकोनी असतानाच, म्हणजे ड्रिल सरळ जाईल.