पोत्यांच्या घराची अक्कल आम्हाला शिकवू नका

औसेकर: काल इथे एकाने लिहिलं, "पोत्यांत माती भरा, थरावर थर रचा, मधे काटेरी तार टाका, झालं गरिबाचं घर. सिमेंटच्या मागे लागणाऱ्यांना अक्कल नाही." वाचून रात्रभर डोकं तापलं. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे चार वाजायच्या आत मावशीचा वाडा बसला. माळवदावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, दीड हात माती. आजोबांना काढलं तेव्हा त्यांच्या नाकातोंडात पांढरी माती होती. मातीच्या घराचं कौतुक आमच्यापुढे नको.

काळी_माती: ती पोस्ट माझी. तुमचं दुःख मान्य, पण दोष मातीला का? किल्लारीत भिंती दगडांच्या होत्या, चिखलात रचलेल्या. आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं ओझं. पोत्यांच्या भिंतीत तार थरांना धरून ठेवते. कॅलिफोर्नियातले वास्तुरचनाकार नादर खलिली यांच्या अशा घरांना 2004 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. 2015 च्या भूकंपात नेपाळमधल्या अशा बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या.

धाराशिवची_लेक: माळवदाला नावं ठेवायची नाहीत! भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा. दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकायची आणि जुनी कुणी काढायचंच नाही, ओझं वाढलं ते त्याने. आमच्या भिंती गेल्या, लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभा राहिला. खांबांमधे झोपलो होतो म्हणून वाचलो.

औसेकर: वाचलात म्हणून बोलताय, ताई. मावशीच्या घरात बोलायला कुणी उरलं नाही.

धाराशिवची_लेक: माझा भाऊ गेला त्यात. दुःखाची मक्तेदारी घेऊ नका.

शेतावरची_खोली: मी मुळशीत बांधलीय, दहा बाय बाराची. भिंती फेब्रुवारीत झाल्या, गिलावा लांबला. मे महिन्यात पोत्याला हात लावला की बोटाला पांढरा चुरा लागायचा आणि मुरूम बाहेर सांडायचा. उन्हाने प्लास्टिकचं पोतं कुजतं, हे कुणी लिहीत नाही. आणि स्वस्त कसलं? पाच माणसं तीन आठवडे धुम्मसाने पोती ठोकत होती. ज्याच्या घरचे राबणार त्यालाच ते स्वस्त. गरिबाने तेवढे दिवस रोजगार बुडवायचा का?

काळी_माती: उन्हाचं लिहायला हवं होतं, चुकलं. मजुरीचंही बरोबर आहे. 'अक्कल नाही' हे शब्द मागे घेतो. तार आणि पाया नीट असेल तर भिंत टिकते, यावर मात्र ठाम आहे.

औसेकर: दोन हात दगडी जोतं आणि वर हलका पत्रा असेल, तर अवजारं ठेवायला शेतात एक खोली बांधीन. झोपायला नाही. आई अजून अंगणात पत्र्याखालीच झोपते.