अनुभव: कुणी अंगावर धावून आलं तेव्हा

गेल्या आठवड्यात पार्किंगमधून गाडी मागे घेताना एकाच्या बंपरला जेमतेम टेकली. ओरखडासुद्धा नाही. तो उतरला, माझ्या काचेवर थाप मारली, "खाली उतर!" आणि मी उतरलो. काच चार बोटं खाली करून बोलता आलं असतं. पण मागच्या सीटवर मुलगा होता, त्याच्यासमोर बाप घाबरलेला दिसायला नको, हे डोक्यात. पुढची दोन मिनिटं आम्ही दोघं छातीला छाती लावून एकमेकांची लायकी काढत होतो. शेवटी त्याच्या बायकोने त्याला ओढून नेलं. घरी पोचेपर्यंत मुलगा गप्प.

तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर काय केलंत ते लिहा. शौर्यकथा चालतील, पण सटकून आलेल्यांच्या जास्त हव्यात.

रातकिडा

रात्रपाळी संपवून प्लॅटफॉर्मवर एकटाच होतो. एकाने लांबूनच विचारलं, "किती वाजले?" आणि विचारता विचारता चालत येत राहिला. अशा वेळी आपण मान खाली घालून मोबाइल काढतो, आणि त्याला तेवढंच हवं असतं. मी न बघताच म्हटलं, "साडेअकरा असतील," एक पाय मागे घेतला आणि दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले. "तिथूनच बोला, ऐकू येतंय मला." तो थांबला, इकडेतिकडे बघितलं, निघून गेला. कदाचित खरंच वेळच विचारायची असेल बिचाऱ्याला! पण हातांची ती ठेवण लक्षात ठेवा. बघणाऱ्याला विनवणी वाटते, आणि समोरच्याने झडप घातलीच तर हात आधीच मध्ये असतात.

उंबरठा

भर दुपारी, गर्दीच्या बसथांब्यावर. एका अनोळखी माणसाने कोपराला धरलं आणि हसत म्हणाला, "चल ना, किती राग धरशील!" मी ओरडले, "सोड मला!" लोकांनी बघितलं आणि माना वळवल्या. त्याच्या हसण्याने आणि माझ्या त्या 'सोड'ने ते नवरा-बायकोचं भांडण ठरलं होतं. मग सुचलं तसं किंचाळले, "कोण आहात तुम्ही? मी तुम्हाला ओळखत नाही!" 'तुम्ही' म्हटल्याबरोबर चित्र पालटलं. तरी पुढे कुणी येईना, म्हणून एकाकडे बोट केलं: "चष्मेवाले काका, तुम्ही! इकडे या!" काका आले. आले म्हणजे, पिशवी सावरत दोन पावलं पुढे आले. तेवढ्यावर कोपर सुटलं.

पुढे वाचनात आलं, शॉटलँड आणि स्ट्रॉ या संशोधकांनी १९७६ साली नेमकं हेच तपासलं होतं. लोकांसमोर मुद्दाम रचलेल्या खोट्या हल्ल्यात बाई "मी तुम्हाला ओळखत नाही" म्हणाली तेव्हा ६५ टक्के बघे मध्ये पडले. "तुमच्याशी लग्न का केलं कोण जाणे" म्हणाली तेव्हा १९ टक्के.

खारीचा वाटा

माझ्याकडे पेपर स्प्रे होता. कुठे, तर पर्सच्या तळाशी, छत्री आणि डब्याच्या खाली. हात इतके थरथरत होते की चेनच उघडेना. ॲड्रेनलिन चढलं की बोटांची बारीक कामं आधी बंद पडतात, हे नंतर कळलं. शेवटी मारला तो वाऱ्याच्या तोंडावर. आम्ही दोघंही रडत दोन दिशांना पळालो. डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मांडलेला हिशोब असा: २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोचतो. दीड सेकंदात माझी चेन अर्धीही उघडत नाही. आता स्प्रे खिशात असतो, आणि डोळे जास्त लांबवर.

पांढरा पट्टा

पट्टा काळा आहे, नाव मुद्दाम घेतलंय. अकरा वर्षं कराटे केलं. एका दारुड्याने माझी कॉलर धरून ठोसा मारला. मी दोन परत दिले. पहिल्याला तो मागे सरकला. दुसऱ्याला मागच्या मागे पडला, डोकं फूटपाथच्या कडेवर. तो आवाज अजून कानात आहे. वाचला, टाके पडले. पण चौकशीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: "तो मागे गेल्यावर तुम्ही पुढे का गेलात?" स्वसंरक्षण धोका असेपर्यंतच. माझा पहिला ठोसा त्यात बसत होता. दुसरा नुसता राग होता.

काउंटरपलीकडून

वीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर काढली, रोज कुणीतरी हात उगारतंच. "शांत व्हा" म्हटल्यावर शांत झालेला माणूस आजवर बघितला नाही. त्यापेक्षा "कधीपासून थांबलाय तुम्ही?" विचारा. उत्तर द्यायला त्याला आठवावं लागतं, आणि आठवताना आवाज आपोआप उतरतो. बाहेर येऊन बोलायची वेळ आली तर तिरके उभे राहा, दाराची वाट अडवू नका. आणि मित्रांसमोर कुणाचा पाणउतारा करू नका, एकटा असता तर गेला असता तो माणूस तेवढ्यासाठी उलटतो.

अमावस्या

वरच्यांशी अर्धीच सहमत. गोड बोलणं चिडलेल्यासाठी. चाकू दाखवणाऱ्याशी कसला संवाद? मी पाकीट एका बाजूला भिरकावलं आणि दुसऱ्या बाजूला पळालो. तो पाकिटामागे गेला. पण "गुपचूप गाडीत बस" म्हणणाऱ्यासोबत मात्र एक पाऊलही जाऊ नका. तिथे आरडाओरडा, चावे, जे सुचेल ते.

धागाकर्ता

काल मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. चष्मेवाल्या काकांना हसला, फूटपाथपाशी गप्प झाला. मग म्हणाला, "बाबा, आपली दारं तर लॉक होती ना?"