भांडी घासायला साबणाऐवजी काय? (मावशींना पटेल असं सुचवा)

मधुमालती
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढलाय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, घरात चार माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी. दिवाळीनंतर मला उत्साह आला आणि ऑनलाइन एक 'पर्यावरणस्नेही किचन सेट' मागवला. खोक्यात खोकं, त्यात बांबूचा ब्रश, काथ्याची घासणी आणि 'नैसर्गिक' लिक्विडची बाटली. बाटली प्लॅस्टिकचीच! ते एक सोडून देऊ. खरी अडचण वेगळी आहे. भांडी मी घासत नाही, मावशी घासतात. त्यांनी लिक्विड घेतलं, चोळलं, फेस येईना. म्हणाल्या, "ताई, ह्यानं कढई निघायची नाय. मला अजून चार घरं हायेत." तिसऱ्या दिवशी सिंकखालून साबणाची जुनी वडी बाहेर आली. काथ्या तेवढा टिकलाय.

तर रिठे, राख, बायोएन्झाइम (फळांच्या साली आंबवून करतात ते पाणी) यांतलं तुमच्याकडे वर्षभर खरंच काय चाललं? मावशींचा वेळ वाढता कामा नये. आणि ओल्या कचऱ्यासाठी 'कंपोस्टेबल' पिशव्या मिळतात, त्या घ्याव्यात का?

"आमच्या आजीच्या वेळी" असं लिहिणाऱ्यांनी आजीच्या वेळी भांडी कोण घासायचं तेही लिहावं.

उंटावरचा_शहाणा
सोपं आहे. भांडी तुम्ही घासा. (हलकं घ्या.)

मधुमालती
रविवारी घासते. म्हणूनच विचारतेय.

तांब्याभांडं
रिठे चार वर्षं वापरतेय, त्यामुळे थोडं सविस्तर.

दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर दोन पेले पाण्यात भिजवायची. सकाळी दहा मिनिटं उकळून, गार झाल्यावर कुस्करून गाळायचं. बाहेर ठेवलं तर दोन-तीन दिवसांत वास मारतं, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. कप, पेले, ताटं, डब्यांची झाकणं झकास निघतात. हातांची सालं निघत नाहीत. पण कढई, तव्यावरचं करपलेलं, तुपाचं भांडं? विसरा. तुमच्या मावशी बरोबर बोलल्या. आमच्याकडे ओशट भांड्यांना आजही साबणच आहे, फक्त वडी महिन्याला तीनऐवजी एक लागते.

दोन इशारे. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. आणि 'नैसर्गिक' आहे म्हणून ते कमळाच्या कुंडीत ओतू नका. रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं. माझे तीन गप्पी त्यातच गेले.

सोडण
आमच्याकडे कोकणात नारळाचं सोडण आणि चुलीतली राख. फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणजे राखही नाही, आणि 'भांड्यांची राख' म्हणून पाकिटं विकतात ती बघून हसू येतं. मिळालीच तर ॲल्युमिनियमला लावू नका, काळं पडतं. धुण्याच्या सोड्यानेही तेच होतं.

घासणीसाठी मात्र माझं मत पक्कं आहे: घोसाळं. वेलावर दोन घोसाळी भाजीला न काढता तशीच राहू द्यायची. वाळून तपकिरी झाली, हलवल्यावर बिया खुळखुळल्या, की साल सोलायची, बिया झटकायच्या, आतली जाळीदार शीर धुऊन उन्हात टाकायची. एका शिरेचे तीन तुकडे होतात, एक तुकडा तीनेक आठवडे जातो. अट एकच, वापरून झाला की टांगून ठेवायचा. सिंकमध्ये ओला पडला तर वास येतो. झिजला की खताच्या कुंडीत.

रसायनवाला
फेसाबद्दल थोडं. फेस आणि तेल निघणं यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका नाही. कमी फेसाची द्रव्यंही तेल उचलतात, पण गिऱ्हाइकाला फेस दिसल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही. मावशींची तक्रार फेसाची आहे की ओशटपणा राहतो याची, ते आधी विचारा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

वडीत फेस करणारं जे मुख्य द्रव्य असतं ते हवेच्या, म्हणजे ऑक्सिजनच्या संगतीत जंतू मोडून टाकतात. १९६० च्या दशकापर्यंत जगभर वापरात असलेला त्याचा जुना प्रकार नीट मोडत नसे, नद्या-नाल्यांवर फेसाचे ढीग साचायचे, म्हणून तो बदलला. सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत गेलं तर बरंचसं निभावतं. न होता गेलं तर निभावत नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्यात कारखान्यांचं पाणीही आहे आणि घराघरांतलंही. माझा हिशेब सरळ आहे: कुठला साबण यापेक्षा किती साबण. वडी पाण्यात बसलेली असते, निम्मी तशीच वाहून जाते. जाळीच्या डबीत ठेवा, फरक आठवड्यात दिसेल.

आणि कढई घासायला देण्याआधी पुसा. कणीक चाळल्यावर उरलेला कोंडा तेलकट कढईत टाकायचा, कागदाच्या बोळ्याने फिरवायचा. तेल कोंडा पितो. मग चिमूटभर साबणात कढई निघते.

अवांतर: सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसलं की लोक खूश होतात. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं बहुतेक पाणीच. एक वापरा, दुसरं नंतर.

तांब्याभांडं
कोंडा! आमच्याकडे तो रोज कचऱ्यात जातो. +१

चिंचगूळ
बायोएन्झाइमवर माझा अनुभव. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा असतो. मी काचेच्या बरणीत केलं आणि चार दिवस गावाला गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, पहाटे तीनला स्फोट झाला म्हणून. आता जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, त्याही पाऊण भरलेल्या.

फरशीला, बाथरूमला छान. भांड्यांना एकटं पुरत नाही, रिठ्यात मिसळून बरं चालतं. पण ते आंबट आहे, हे लक्षात ठेवा. संगमरवर, कोटा, शहाबादी फरशीची चकाकी जाते. आमचा ओटा डागाळल्यावर हे कळलं.

मिशिगनकर
इकडे अमेरिकेत डिशवॉशर. २०१० साली बऱ्याच राज्यांनी डिशवॉशर पावडरीतलं फॉस्फेट बंद केलं, कारण तळ्यांत शेवाळ माजतं. सुरुवातीला सगळ्यांची बोंब, पेले पांढुरके दिसतात म्हणून. मग कंपन्यांनी पावडर सुधारली आणि लोक विसरले. तुमचं प्रकरण वेगळं, पण सवय बदलायला लागणारा वेळ तोच.

खतकुंडी
पिशव्यांबद्दल. कंपोस्टेबल पिशवीवर आयएस १७०८८ हा मानक क्रमांक असतो. त्याची कसोटी आहे ती कारखान्यातल्या खताच्या ढिगात, साधारण ५८ अंश सेल्सिअसला, सहा महिन्यांच्या आत कुजण्याची. गॅलरीतल्या कुंडीत एवढं तापमान कुठून येणार? माझ्या कुंडीत दोन पिशव्या आठ महिन्यांनीही होत्या तशाच, फक्त मळलेल्या. म्हणून नुसत्या खतासाठी घेऊ नका. डब्यात जुना पेपर दुमडून घाला, तोच पुरतो. फार ओलं असेल तर खाली मूठभर सुकी पानं.

आणि सॅनिटरी पॅड सुक्या कचऱ्यात नको. पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने हे सुरू केलं, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. विषय सोडून आहे, पण कचऱ्याचं बोलताय तर हे आलंच पाहिजे.

उंटावरचा_शहाणा
रच्याकने (जाता जाता), सगळ्यांनी मावशींच्या वतीने सल्ले दिले. मावशींना कुणी विचारलं?

मधुमालती
विचारलं. चिडून का होईना, तुमचा प्रश्न मनाला लागला.

रसायनवाला, फेसाचं काही नाही. त्यांचं म्हणणं असं: "भांडी वाळवून ठेवता. दुपारच्या ताटांवर भात कडक होतो, तो खरवडायला निम्मा टाइम जातो. पाणी घालून ठेवा, मग कसला का साबण असेना." दहा वर्षं येतायत आमच्याकडे, आणि आम्ही हे कधी विचारलंच नाही.

तर गेले पंधरा दिवस: खरकटं काढून ताटं लगेच पाण्यात. कढईला कोंडा. वडी जाळीच्या डबीत. ताटं-पेल्यांना रिठ्याचं पाणी, ते मी रविवारी करून ठेवते. कढईला साबणच. मावशी पंधरा मिनिटं लवकर निघतात, त्यामुळे रिठ्याबद्दल एक शब्द नाही. लिक्विडने आता फरशी पुसतेय, संपेपर्यंत.

एकच राहिलं. सोडण, घोसाळ्याचं बी कुठे मिळेल? मी शिरेचं सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, त्यांच्या पत्र्यावर वेल चढवतील. अर्ध्या शिरा आमच्या, अर्ध्या त्यांच्या, असं ठरलंय.

सोडण
पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, दोन घोसाळ्यांचं बी झटकून ठेवलंय. पण आत्ता पेरू नका, दोन चांगले पाऊस पडू देत. आणि मावशींना सांगा, पहिली चार भाजीलाच काढा, शेवटची ठेवा वाळायला. घोसाळ्याची भजी सोडून शिरेच्या मागे लागायचं म्हणजे काय!