टर्मिनलचा क्रम आणि चाकाचे नट
गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलवरच्या तारांचा क्रम असा: काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. त्यामागचं कारणही सांगायला हवं. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. ते टर्मिनल जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो आणि ठिणगीने बॅटरीजवळचा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. म्हणून अंगठी, कडं काढा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थरासाठी कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश पुरतो. हे पाणी बॅटरीच्या सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका, आतलं अ‍ॅसिड निकामी होतं. कोरडं पुसा, क्लॅम्प आवळा, मगच व्हॅसलिन. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर मल्टिमीटर लावून १२.४ व्होल्टच्या खाली आकडा दिसला, तर चार्ज करा.

चाकाचे नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. तिरक्या समोरच्या चाकाला लाकडी ठोकळा लावा, वीट फुटते. नटाच्या आट्यांना ग्रीस लावायचा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात पटत नाही: तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. नट समोरासमोरचे आवळा, ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.