गाडीत मिनी पीसी: वीज आणि गारवा

प्रश्न: नागपुरात मे महिन्यात गाडीतला ६० वॉटचा पीसी तापून बंद पडतो, स्टार्टर मारला की रीस्टार्टही होतो. काय करावं?

उत्तर: भाऊ, स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज कधी कधी ६-८ व्होल्टपर्यंत पडतं. ६ ते ३० व्होल्ट इनपुटचा डीसी-डीसी सप्लाय (बॅटरीचं कमी-जास्त व्होल्टेज पीसीसाठी स्थिर करणारा) लावा, इन्व्हर्टर नको. थेट बॅटरीवरून २.५ चौरस मिमी वायर, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज. इग्निशन सेन्सची वायर (किल्ली चालू की बंद हे सप्लायला कळवणारी) विसरू नका. स्लीपमध्ये ५ वॉट खाल्ले तरी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी होते. पूर्ण शटडाउनच ठेवा.

दुसरं उत्तर: डॅशबोर्डवर अजिबात नको! सीटखाली ठेवा, एसीची हवा मिळेल. उन्हात उभी गाडी आधी गार करा, मगच पीसी चालू. पीसीच्या फिल्टरची जाळी दर महिन्याला झटका.