एस्पेरान्सा की एक्स्पेक्तातीवा? विहीणबाईंपुढे फजिती

कर्वेरोडकाकू:
लेकीचं सासर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर मी डेक्कनला स्पॅनिशचा क्लास लावला. मार्चमध्ये आम्ही दोघं तिथला फायास उत्सव बघायला तिकडे जाणार आहोत. उत्साहाच्या भरात मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'तेन्गो मूचास एक्स्पेक्तातीवास दे उस्तेदेस.' म्हणायचं होतं, भेटीची आस लावून बसलेय. दहा मिनिटांत उलट प्रश्न सुरू. खोली लहान आहे, चालेल ना? सकाळी काय खाता? पाठोपाठ लेकीचा फोन: "आई, लग्नाला दोन वर्षं झाली, आता कसला मानपान मागतेस?"

त्याआधी क्लासमध्ये 'पावसाचा चान्स आहे' हे 'ओपोर्तुनिदाद दे यूबिया' असं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, पाऊस काय मुलाखतीला चाललाय? शब्दकोशात चान्स काढला की चार शब्द समोर येतात. कुठला कधी घ्यायचा?

तर्जुमाकार:
काकू, शब्दकोश इंग्रजीचा आहे ना? मग तिथेच घोळ. सरळ मराठीतून जा, आपल्याकडे हे शब्द वेगवेगळेच आहेत. आशा म्हणजे एस्पेरान्सा, अपेक्षा म्हणजे एक्स्पेक्तातीवा, शक्यता म्हणजे पोसिबिलिदाद, संधी म्हणजे ओपोर्तुनिदाद. तुम्ही विहीणबाईंना खरोखरच 'तुमच्याकडून खूप अपेक्षा आहेत' असं कळवलंत! 'चान्स' मात्र आपणही दोन अर्थांनी वापरतो. 'मला चान्सच दिला नाही' यातली संधी आणि 'आज पावसाचा चान्स' यातली शक्यता. बोलण्याआधी त्याची फोड करायची. पावसाला 'आय पोसिबिलिदाद दे यूबिया'. हवामानाच्या बातम्यांत टक्के देतात तेव्हा प्रोबाबिलिदाद.

डेक्कनचा_बंड्या:
एवढी डोकेफोड कशाला? मी हिंजवडीत मेक्सिकन क्लायंटबरोबर रात्रपाळी करतो. तिकडे 'दामे चान्से' सर्रास चालतं, म्हणजे जरा संधी दे.

तर्जुमाकार:
मेक्सिकोत चालतं रे. काकूंनी स्पेनमधल्या विहिणीशी बोलताना त्या वाटेला जाऊ नये.

काकू, मराठीची वाटही सगळीकडे नेत नाही. आपण 'अपेक्षित आयुर्मान' म्हणतो, ते मात्र 'एस्पेरान्सा दे बिदा' म्हणतात, म्हणजे तिथे आशा. (व्हॅलेन्सियात तुम्हाला 'एस्पेरान्था' ऐकू येईल, दचकू नका.) केप ऑफ गुड होप म्हणजे 'काबो दे बुएना एस्पेरान्सा', पण एखादी बाई 'एन एस्तादो दे बुएना एस्पेरान्सा' आहे म्हटलं, तर तिला दिवस गेलेत! तेवढं सांभाळा.

तुम्हाला हवा होता तो शब्द वेगळाच आहे: इलुसिओन. इंग्रजीच्या सवयीने भ्रम वाटतो, आणि तो अर्थही आहेच. पण 'मे आसे मूचा इलुसिओन' म्हणजे मला कोण आनंद होतोय, कधी एकदा जाते असं झालंय. उलट 'नो ते आगास इलुसिओनेस' म्हणजे मनात मांडे खाऊ नकोस.

कर्वेरोडकाकू:
आणि 'व्हिसा मिळेल अशी आशा आहे' याला?

तर्जुमाकार:
'तेन्गो ला एस्पेरान्सा दे के नोस देन एल बिसादो.' 'दान' नाही, 'देन'. आशा आहे, अजून घडलेलं नाही, म्हणून क्रियापदाचं रूप बदलतं. आपल्याकडे 'मिळतो'चं 'मिळेल', 'मिळावा' होतं, तसंच काहीसं.

कर्वेरोडकाकू:
रात्री पाठवलं: 'मे आसे मूचा इलुसिओन बेरलोस.' लगेच उत्तर आलं, 'आ मी ताम्बिएन', मलाही. आणि खाली परत तेच, सकाळी काय खाता? आता स्पॅनिशमध्ये पोहे कसे समजावायचे, ते सांगा.