मदत हवी आहे: पाजा आणि चेरीचा संकर करून नवा खुंट काढायचाय, फुलोरा जुळत नाही

नमस्कार मंडळी,

इथे द्राक्ष-डाळिंबवाले भरपूर आहेत, चेरीवालं कुणी भेटेल की नाही शंकाच आहे, तरी विचारतो. मी तासगावकडचा, घरी द्राक्षबाग. पदवी राहुरीची, सध्या हिमाचलात सोलनजवळ फळझाडांवर संशोधन करतोय. विषय चेरीचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात ते रोप.

शिमला-कुल्लू भागात गोड चेरीचं कलम पूर्वापार पाजाच्या रोपावर बांधतात. पाजा म्हणजे इथली रानचेरी, प्रूनस सेरासॉइडिस. उत्तराखंडात तिला पय्यां म्हणतात, तिकडे ती पूजेतही लागते. बी फुकटात मिळतं, रोप काटक, दगडधोंड्यातही तगतं. पण रोपं बियांपासूनची, एकासारखं दुसरं नाही, आणि झाड उंच वाढतं. उताराच्या बागेत शिडी नीट उभी राहत नाही आणि चेरी तर देठासकट एकेक खुडावी लागते. गारांची जाळी टाकायची म्हटली तरी उंची आडवी येते.

बाहेरचे खुंट आहेत. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंगचा कोल्ट (गोड चेरी आणि प्रूनस स्यूडोसेरासस यांचा संकर) लावायला सोपा, पण पाण्याचा ताण सोसत नाही आणि मुळांवर क्राउन गॉलच्या गाठी धरतो. जर्मनीतल्या गीसनचा जिसेला ५ झाड निम्म्यावर आणतो, फळही लवकर धरतो, पण त्याला कसदार जमीन आणि वेळेवर पाणी हवं. ते नसेल तर झाड खुरटतं, फळं झुबक्यांनी लागतात आणि बारीक राहतात. आमच्याकडे पावसावरची शेती, तेव्हा विषय संपला.

म्हणून विचार असा: गीसनवाल्यांनी आंबट चेरी आणि चिनी प्रूनस कॅनेसेन्सचा संकर केला, तसा आंबट चेरी आणि पाजाचा करून पाहावा. बुटकेपणा एकीकडून, काटकपणा दुसरीकडून.

गोची इथे आहे. पाजा फुलतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चेरी मार्चअखेर ते एप्रिल. मध्ये अख्खा हिवाळा. पराग इतके महिने टिकवायचे कसे? मादी कुणाला करू? आणि फळ धरलंच तर बी रुजेल का, की गर्भ आधीच मरेल? प्रत्यक्ष हात घातलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

द्राक्षवाला
भाऊ, चेरीतलं मला कळत नाही, पण खुंटाचं कळतं. आमच्याकडे डॉगरीजची काडी लावायची, मूळ धरलं की वर्षभरात त्यावर कलम. तो खुंट आम्ही थोडाच तयार केला? बाहेरून आला, चालला, ठेवला. तुम्ही पण पाजाच्याच शंभर रोपांतून बुटकी निवडा की. नवा खुंट काढायचा म्हणजे आयुष्य जाईल.

धागाकर्ता
दादा, निवड चालूच आहे. पण निवडलेल्या झाडाची काडी मूळ धरायला हवी, नाहीतर त्याचं बी पेरल्यावर पुन्हा पहिले पाढे. आयुष्य जाण्याबद्दल बोलाल तर खरंच आहे, गीसनचं काम १९६०च्या दशकात सुरू झालं आणि जिसेला बागांत रुळला तो नव्वदीत.

जुना_पैदासकार
आंब्यात आयुष्य गेलं, पण काही वर्षं डोंगरी फळांवरही काम केलंय. तुमचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, मादी चेरीलाच करा. पाजाचे पराग नोव्हेंबरात गोळा करून एप्रिलपर्यंत ठेवणं सोपं, उलट केलंत तर एप्रिलचे पराग नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दोन महिने जास्त सांभाळावे लागतील.

पराग असे घ्या. फुगलेल्या, उमलायला एखादा दिवस उरलेल्या कळ्या आणा. चाळणीवर घासून परागकोश वेगळे करा, कागदावर पसरून खोलीत सावलीत वाळवा. कोश फुटून पिवळी भुकटी सुटली की छोट्या कुपीत भरा, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि डबा उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये. कोरडे असतील तर वर्षभर टिकतात. कुप्या लहान लहान करा, कारण एकदा बाहेर काढलेली पुन्हा गोठवायची नाही. वापरण्याआधी दहा-पंधरा टक्के साखर आणि किंचित बोरिक ॲसिड घातलेल्या आगरवर शिंपडून सूक्ष्मदर्शकाखाली परागांना नळी फुटते का ते बघा. हे केल्याशिवाय झाडावर चढू नका, फुलोरा वर्षातून एकदाच येतो.

आंबट चेरी स्वतःच्या परागाने फळते, म्हणून पुंकेसर काढावे लागतील. कळी फुगली की नखाने फुलाच्या वाटीला गोल चीर द्या. पाकळ्या, निदलं, पुंकेसर सगळं एका कड्यासारखं निघून येतं आणि मधे नुसता स्त्रीकेसर उरतो. असं सोललेलं फूल मधमाशीला दिसतच नाही, तरी माझं मत पिशवी घालावी.

आता आंबट चेरी चौगुणित (३२ गुणसूत्रं) आणि पाजा द्विगुणित (१६). संकर २४चा होईल, बहुधा वांझ. जिसेला ५ही २४चाच आहे. खुंटाला फळ धरायचं नसतं, त्यामुळे काही बिघडत नाही. फक्त त्याच्यापासून पुढची पैदास करायचं स्वप्न बघू नका.

जोडीला काही फांद्या गोड चेरीवरही करा. लॅम्बर्ट घ्या. ती स्वतःच्या परागाने फळत नाही, तेव्हा पुंकेसर काढायची झंझट नाही, पिशवी पुरते. शिवाय ती उशिरा पिकते आणि इथेच खरी मेख आहे. लवकर पिकणाऱ्या चेरीत फळ लाल होतं तेव्हा आतला गर्भ अर्धवटच असतो, तो बी रुजत नाही. दूरच्या संकरात हा धोका अजून वाढतो.

धागाकर्ता
सर, खूप खूप आभार! गुणसूत्रांचा हिशेब डोक्यात होता, पण लवकर आणि उशिरा पिकण्याचा विचारच आला नव्हता. मग लॅम्बर्टवर गर्भ काढून टिश्यू कल्चरमध्ये वाढवायची गरज पडेल का?

जुना_पैदासकार
अर्धी फळं पिकू द्या, अर्धी आधीच काढा. फुलल्यापासून सहा-आठ आठवड्यांनी कठीण कवच फोडून बी बघा. बी भरलेलं, पांढरं असेल तर गर्भ काढून माध्यमावर ठेवा, सुरकुतलं असेल तर उशीर झाला. पिकलेल्या फळांचं बी कवच काढून ओलसर वाळूत तीन-चार महिने ३ ते ५ अंशांना ठेवावं लागेल. रोपं आली की पानं बघून खूश होऊ नका, एसएसआर मार्करने (डीएनएच्या चाचणीने) संकर खरा आहे का ते तपासा. आंबट चेरीचे स्वतःचेच बी पेरून बसलेले विद्यार्थी मी पाहिलेत.

ओरेगनकर
उशिरा लिहितेय. मी इकडे एका रोपवाटिकेत कामाला आहे, आमच्याकडे चेरीचे खुंट हेच रोजचं काम. वरचं सगळं बरोबर, एक भर घालते: संकर करण्याआधी दोन्ही झाडांची विषाणू तपासणी करून घ्या, खासकरून प्रून ड्वार्फ आणि नेक्रॉटिक रिंगस्पॉट. हे दोन्ही परागातून आणि बियांतून पसरतात. पाजाचं झाड वरून ठणठणीत दिसेल, पण पराग दूषित असले तर तुमची रोपं जन्मतःच आजारी निघतील. आणि खुंटाला या विषाणूंचं वावडं असेल तर कलम केल्यावर झाड सुकतं. क्रिम्स्क ५ आणि ६ या खुंटांना हीच अडचण आहे, म्हणून इकडे त्यांच्यावर कलमाचे तपासलेलेच डोळे भरतात. तुमच्या भागातल्या जुन्या बागांत हे विषाणू असणारच, तेव्हा रोपं हाताळण्याजोगी झाली की मुद्दाम आजारी झाडाचा डोळा भरून एक चाचणी घ्या. नाजूक रोपं पहिल्याच वर्षी गळतात, जागा वाचते.

धागाकर्ता
ताई, हे फारच महत्त्वाचं सांगितलंत. एलिसा किट (विषाणू ओळखायची चाचणी) इथल्या प्रयोगशाळेत आहे, ऑक्टोबरच्या आत पाजाची झाडं तपासून घेतो. कळ्या फुगल्यावर परागाचे फोटो इथेच टाकेन. तोवर कुणाकडे मॉन्टमोरेन्सी सोडून दुसरी आंबट चेरी हिमाचलात कुठे मिळते याची माहिती असेल तर कळवा.